दिवसा पेटणारे दिवे

मोटारीचे दिवसाचे दिवे चालकाला रस्ता दिसावा म्हणून नसतात. ती मोटार इतरांना दिसावी म्हणून असतात. बाजारातून आणलेले असे दिवे थेट बॅटरीला जोडले तर काय घडते, हे भिलाईतील उदाहरणावरून मोजता येईल. तेथील पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा ठिकाणी काम आठ तासांच्या पाळ्यांनी चालते. दोन्ही दिवे मिळून एक अँपिअर प्रवाह घेत असतील आणि कामावर जाताना ते विझवावयाचे राहिले, तर पाळी सुटेपर्यंत आठ अँपिअर-तास खर्च होतात. पस्तीस अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होय. जुनी बॅटरी एवढ्यानेही इंजिन फिरवू शकणार नाही.

म्हणून मध्ये रिले घालतात. किल्ली फिरविल्यावरच जिवंत होणाऱ्या तारेतून त्याच्या वेटोळ्याला प्रवाह मिळतो, चुंबकत्वाने आतली पट्टी ओढली जाते आणि बॅटरीचा प्रवाह दिव्यांकडे वाहू लागतो. किल्ली काढताच पट्टी सुटते. रात्री मुख्य दिवे लावल्यावर हे दिवे विझावेत, यासाठी दुसऱ्या रिलेचे ८७अ हे अग्र वापरतात. ते एरवी जोडलेले असते व मुख्य दिव्यांच्या प्रवाहाने तुटते.

फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळच हवा. दिव्यापाशी बसविलेला फ्यूज केवळ शोभेचा: वाटेत घासून उघडी पडलेली तार मोटारीच्या सांगाड्याला टेकली, तर प्रवाह फ्यूजला न शिवताच वाहतो आणि तारेचे आवरण पेट घेते.