वाळा आणि शेतातील माती

माठात मुळ्या घालणे व उन्हाळ्यात पडदे लावणे, या दोन उपयोगांपलीकडे वाळ्याशी आपल्या शेतकरीवर्गाचा फारसा परिचय नाही. उताराच्या जमिनीतील माती जागच्या जागी धरून ठेवणे हा त्याचा तिसरा व अधिक महत्त्वाचा उपयोग होय. पावसाळ्यात ओहोळाचे पाणी गढूळ दिसते, तो गढूळपणा म्हणजे आपल्याच शेताचा वरचा कसदार थर असतो. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र तितकेच राहते व आकारही तितकाच राहतो. परंतु जमीन दरसाल जात असते आणि तिची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. प्रस्तुत लेखकाची नोकरी दप्तरातच गेली असल्याने ही उणीव त्यास विशेष जाणवते.

धूप थांबविण्याकरिता आपण मातीचे बांध घालतो. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने अशा कामास सरकारी आधारही मिळाला. बांध वाईट नव्हेत. तथापि भारी काळ्या जमिनीत उन्हाळ्यात त्यांस भेगा पडतात, पावसाचे पाणी त्यांत शिरते, आणि एके ठिकाणी बांध फुटला की तुंबलेले सारे पाणी तेथूनच धावून घळ पडते. वाळ्याची ओळ पाणी तुंबवीत नाही, ती ते गाळते. दाट बुंध्यांतून पाणी संथपणे पार होते व गाळ मागे राहतो. त्या गाळातून वाळा पुन्हा वर येतो, पेरांस नवी मुळे फुटतात, आणि काही वर्षांत ओळीच्या वरच्या अंगास आपोआप ताल तयार होते. मुळे आडवी फारशी न पसरता सरळ खाली, दहा फुटांपर्यंतही जातात.

हे नवे खूळ नव्हे. कर्नाटकात गुंडलुपेठकडील शेतकरी पिढ्यानपिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावीत आले आहेत. हद्दीचा दगड रात्रीतून सरकतो, वाळा सरकत नाही! मात्र हद्द उताराच्या दिशेने जात असेल तर तेवढ्या ओळीने धूप थांबणार नाही.

ओळ उतारास आडवी, पाणसळीने आखलेल्या समपातळी रेषेवरच पाहिजे. वाकडी गेल्यास पाणी तिच्या कडेने धावते. दोन ओळींत तीन ते सहा फुटांची उतरण ठेवावी. शेकडा दोन उताराच्या शेतात तीन फुटांची उतरण दीडशे फुटांवर येते. मृगाचा पाऊस बरा झाल्यावर दोन-तीन फुटव्यांचे ठोंब, पाला वीतभर ठेवून, चार ते सहा इंचांवर लावावेत. सहा इंचांप्रमाणे शंभर फुटांस दोनशे ठोंब लागतात. दक्षिणेकडील जातच घ्यावी. तिला उगवणारे बी येत नाही, म्हणून ती तण होऊन पसरत नाही. पहिले वर्ष गुरांपासून राखण करावी व नांग्या न चुकता भराव्यात, कारण एक खिंडार सारी ओळ व्यर्थ करते. झाडांच्या दाट सावलीत वाळा टिकत नाही. दोन-तीन वर्षांत ओळ दाट होते. पुढे ती अधूनमधून गुडघ्याएवढी कापावी. कोवळा पाला गुरे खातात, जून पाला शाकारणीस व आच्छादनास येतो.

एक धोका मात्र आहे. मुळ्यांच्या तेलास अत्तराकरिता भाव मिळतो, आणि वाळ्याचे तमिळ नाव ‘वेट्टिवेर’ याचा अर्थच खणून काढलेले मूळ असा आहे. जावा व हैती येथे उतारावरील मुळ्या खणल्यामुळे उलट मातीच वाहून गेली. ज्यास मुळ्या विकावयाच्या असतील त्याने सपाट जागेत निराळा वाफा करावा. त्यातूनच पुढील सालच्या नांग्यांकरिता ठोंबही मिळतील.