थकवा अभ्यासाचा की रक्तातला?

परगावी शिकायला राहिलेल्या शाकाहारी मुलामुलींना एकच सांगायचं आहे. काही करावंसंच वाटेनासं झालं, दुपारी अंग गळून जायला लागलं, उगाच रडू यायला लागलं, तर स्वतःला आळशी ठरवण्याआधी रक्त तपासून घ्या. मी यातून गेले आहे.

आमच्या घरी, वाईजवळच्या गावात, गोठ्यात म्हैस होती. सकाळी दूध, दुपारी ताक, रात्री दहीभात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मी सदाशिव पेठेत खोली घेतली आणि जेवण मेसच्या डब्यावर आलं. पोळ्या, बटाटा नाहीतर कोबी, पातळ आमटी, भात. दह्याच्या वाटीचे पैसे वेगळे, म्हणून ती कधीतरीच. अभ्यासिकेत जागं राहायला चहा. चतुर्थीला आणि गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. पोट भरत होतं, त्यामुळे आहारात काही कमी पडतंय असं मनातही येत नव्हतं.

बदल इतका हळू झाला की जाणवलाच नाही. आधी झोप वाढली. मग सकाळी वाचलेलं संध्याकाळी आठवेना. जिना चढताना छाती धडधडायची, जिभेची आग व्हायची, पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या. आणि मन तर फारच हळवं झालं होतं. आईने फोनवर 'जेवलीस का गं?' एवढं विचारलं तरी डोळे भरून यायचे. परीक्षेचा ताण असं सगळेच म्हणत होते, आणि ते खरंही वाटत होतं.

शेवटी ज्या डॉक्टरीण बाईंकडे गेले, त्यांनी मन आणि अभ्यास बाजूला ठेवून आधी मी दिवसभरात काय खाते ते सविस्तर विचारलं. तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ निघालं; बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. बी-१२ प्रयोगशाळेच्या किमान पातळीच्या जवळपास निम्मं होतं.

हे जीवनसत्त्व कुठलीही वनस्पती तयार करत नाही, फक्त जिवाणू करतात. ते आपल्यापर्यंत प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातून येतं. म्हणजे शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक, पनीर एवढाच नैसर्गिक मार्ग. प्रौढ माणसाला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं आणि १०० मिलिलिटर दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असतं. चहातल्या दुधाने काय भागणार? यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून आहार बदलल्यावर लगेच काही कळत नाही. आणि आधीच साठा कमी असेल तर तो लवकर संपतो. बी-१२ रक्तपेशींना लागतं तसंच मज्जातंतूंवरच्या आवरणालाही लागतं. मुंग्या, विसराळूपणा आणि उदासी एकत्र येतात त्या यामुळे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुण्यातल्या शहरी मध्यमवर्गीय पुरुषांपैकी ८१ टक्के जणांचं बी-१२ कमी आढळलं होतं. इतकं जवळचं दुखणं असूनही आमच्या अभ्यासिकेत त्याचं नाव कुणी काढत नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

हिमोग्लोबिनला लागणाऱ्या लोहाची गोष्ट वेगळी. ते डाळी, पालेभाज्या, बाजरी, अळीव यांत असतं, पण वनस्पतीतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं आणि जेवणाबरोबरचा चहा ते आणखी अडवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचं तरी अंतर हवं. आमटीवर लिंबू पिळावं, मधल्या वेळी पेरू किंवा आवळा खावा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. नुसत्या साबुदाण्यावर उपास काढणंही मी सोडलं. तो जवळजवळ सगळा स्टार्च. खाल्ल्यावर तरतरी येते आणि थोड्या वेळाने गळून जायला होतं. आता उपासाला राजगिरा, दाणे, दही घेते. एरवी मोड आलेली मटकी किंवा उसळ रोज असतेच. मेसमध्ये दह्याची वाटी परवडत नसेल, तर चौघींनी मिळून एका खोलीत विरजण लावावं. आम्ही तेच केलं.

मात्र कमतरता एकदा झाली की नुसत्या आहाराने ती भरून येत नाही. मला इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. जीभ लवकर बरी झाली, मुंग्यांना बराच वेळ लागला. मनाने गोळ्या घेऊ नका. आधी तपासणी, मग औषध. घेतलेल्या गोळ्यांमुळे अहवालातला आकडा फसवा येतो. नुसतं फॉलिक आम्ल घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. पित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्यांनी बी-१२ चं शोषण कमी होतं. ज्यांनी दूधही सोडलंय त्यांनी इडली-डोशाच्या आंबवण्यावर किंवा स्पिरुलिनावर विसंबू नये. डॉक्टरांना विचारून गोळी कायम घ्यावी.

आणि प्रत्येक उदासी काही रक्तातली नसते. माझं रक्त सुधारल्यावरही परीक्षेची धास्ती उरलीच होती, तिच्यासाठी मी समुपदेशकांकडे गेले. रात्री-अपरात्री अगदीच असह्य झालं, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.