नितळ पाण्यातली घुसमट

डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. पाणी तीनशे लिटर, खाली कपाटात दुसरी छोटी टाकी म्हणजे संप, त्यात फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर आणि पाणी वर चढवणारा पंप. नऊ वर्षं झाली. या काळात जे कळलं त्यातलं बरंचसं मासे गमावल्यावर कळलं, म्हणून लिहून ठेवतो आहे.

१. पाणी नितळ दिसतं म्हणून त्यात श्वास घेता येतोच असं नाही.

पहिल्याच वर्षीच्या मे महिन्यात रात्री दीडच्या सुमारास वीज गेली. आम्ही सगळे झोपेत. पहाटे पाचला आई उठली आणि तिने मला हलवलं, "अरे ऊठ, मासे वर येऊन नुसते आ वासतायत." टाकीत पाहिलं तर पाणी काचेसारखं स्वच्छ. पिवळा टँग तळाशी आडवा पडला होता, कल्ले भराभर हलत होते. मी तांब्याने पाणी काढून हातभर उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहिलो. सव्वासहाला वीज आली. क्लाउनफिशची जोडी वाचली, टँग गेला. त्याला मी स्वतःच्या हाताने नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, खाऊ घालत असे. ती सकाळ अजून विसरलेलो नाही.

कारण मग समजून घेतलं. २५ अंश तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसात. पाणी ३० अंशांवर गेलं की तोच आकडा सहाच्या थोडा वर राहतो. म्हणजे मुळातच शिल्लक कमी. त्यात रात्र. टाकीतल्या कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, अंगातलं शेवाळ दिवसा उजेडात ऑक्सिजन तयार करतं, पण अंधारात मासे, कोरल, शेवाळ, दगडांतले जिवाणू सगळेच तो फक्त वापरतात. पंप बंद झाल्यावर माझ्या टाकीला साडेतीन तासांत धाप लागली होती.

२. ऑक्सिजन पाण्याच्या वरच्या थरातून आत येतो.

एअर पंपाला जोडलेल्या दगडातून निघणारे मोठे बुडबुडे पाहून मला वाटायचं, हेच हवा देतात. प्रत्यक्षात त्यांचा मोठा उपयोग पाणी खालून वर ढवळण्याचा. हवेची देवाणघेवाण होते ती मुख्यतः पृष्ठभागावर. तिथे तवंग साचला की ती मंदावते. खाण्यातलं तेल, माशांचा चिकट स्राव यांचा हा तवंग असतो. तो काढायचा उपाय म्हणजे ओव्हरफ्लो. वरच्या पाण्याचा पातळसा थर सतत कडेवरून संपमध्ये पडत राहिला पाहिजे. शिवाय टाकीत पाणी फिरवणाऱ्या एका वेव्हमेकरचं तोंड थोडं वर वळवून ठेवावं. माझी खूण साधी आहे. वरच्या दिव्याचं प्रतिबिंब पाण्यात अखंड दिसलं की काहीतरी अडलंय, तुटकतुटक नाचताना दिसलं की ठीक आहे.

३. स्किमर हा माझ्या मते या टाकीचा सर्वांत मोलाचा भाग.

पावसाळ्यात कोकणातल्या किनाऱ्यावर पिवळट फेस साचलेला असतो. स्किमर तोच फेस नळकांड्यात तयार करतो. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला विष्ठेतली, उरलेल्या खाण्यातली सेंद्रिय घाण चिकटते आणि फेसाबरोबर वरच्या कपात जाते. तिचा रंग कोऱ्या चहासारखा, वास मात्र असह्य. हीच घाण पाण्यात कुजली असती तर कुजवणाऱ्या जिवाणूंनी तेवढा ऑक्सिजन खाल्ला असता. म्हणजे स्किमर पाण्यात हवाही मिसळतो आणि हवेची उधळपट्टीही थांबवतो. त्याच्या मानेवर मेणचट थर बसला की फेस चढत नाही, म्हणून दर रविवारी ती पुसतोच.

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. उन्हाळ्यात एसीसाठी हॉल बंद असायचा, घरात पाच माणसं, त्यामुळे खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढायचा आणि स्किमर तीच हवा ओढायचा. पाण्याचा पीएच ७.८ वर अडकलेला असे. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर सोडली आणि आठवड्याभरात तो ८.१ झाला.

४. खरा फिल्टर दगडात असतो.

जाकार्तातले मत्स्यपालक ली चिन एंग यांनी १९६१ मध्येच लिहिलं होतं की समुद्रातला जिवंत दगड आणि थोडी हवा एवढ्यावर टाकी चालते. सच्छिद्र दगडातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. मात्र समुद्रातून दगड उचलून आणणं मला पटत नाही. असा दगड बहुतेक प्रवाळाच्या सांगाड्याचाच असतो. आपल्याकडे कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते योग्यच आहे. मी कोरडे सिरॅमिकचे दगड घेतले, मित्राच्या टाकीतला मुठीएवढा तुकडा विरजणासारखा टाकला आणि सहा आठवडे एकही मासा न आणता थांबलो. कोरलही फक्त मऊ जातीचे ठेवतो, लेदर आणि मशरूम. एवढं ध्यानात ठेवावं की हे जिवाणूही ऑक्सिजनवरच जगतात. तो संपला की त्यांचं काम थांबतं आणि अमोनिया चढायला लागतो.

५. संपमध्ये पडणारं पाणी गाळणारा कापडी फिल्टर सॉक तीन दिवसांत बदलावा. त्यात अडकलेली घाण पाण्याबाहेर गेलेली नसते, वाहत्या पाण्यातच कुजत असते.

६. पाण्यावर फिरणारा पंखा एप्रिल-मेमध्ये दोन-तीन अंश उतरवतो, कारण बाष्पीभवनाने पाणी गार होतं. जून उजाडला, हवा दमट झाली की त्याचा उपयोग निम्म्याहून कमी. त्या काळात मी चिलर लावतो. उडालेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायचं, कारण मीठ मागेच राहिलेलं असतं.

७. वीज जाणारच आहे असं धरून टाकी बांधावी.

इन्व्हर्टरवर मोठा पंप नाही, एक छोटा वेव्हमेकर जोडला आहे. तो रात्रभर चालतो. शिवाय बॅटरीवरचा एअर पंप आहे, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. पंप थांबल्यावर वरचं पाणी नळीतून उलटं संपमध्ये येतं, म्हणून परतीच्या नळीला पृष्ठभागाच्या जरा खाली एक बारीक भोक ठेवलं आहे. तिथपर्यंत पातळी उतरली की हवा शिरते आणि धार तुटते. एकदा त्या भोकात गोगलगाय बसली आणि हॉलभर खारं पाणी झालं. तेव्हापासून भोकं दोन आणि संपचा वरचा तिसरा हिस्सा कायम रिकामा.

परवा रात्री दोनला पुन्हा वीज गेली. मी अंधारात चाचपडत हॉलमध्ये आलो, तर आई आधीच टाकीसमोर खुर्ची ओढून बसलेली. "तुझ्या पंपाची घुरघुर सुरू झाली," ती म्हणाली, "झोप तू, मी बसलेय." टॉर्चच्या उजेडात क्लाउनची जोडी लेदर कोरलच्या कुशीत स्वस्थ होती.