प्रिंटर अडला असता

कारंजा (लाड), जि. वाशीम

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

१९९८ साली वाशीम जिल्हा स्वतंत्र होण्यापूर्वी जिल्हा कचेरीतल्या नकलेसाठी अकोला गाठावे लागे. आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, तलाठ्याच्या सहीवाचून ग्राह्य असा, तुझ्या रिसोडच्या घरी निघू शकतो. म्हणूनच पीककर्जाची कागदपत्रे बँकेत रुजू करावयाच्या ऐन वेळी प्रिंटर अडल्याने तू त्रस्त व्हावेस, हे स्वाभाविक आहे. तथापि नव्या यंत्राची खरेदी तूर्त तहकूब ठेव आणि दोष नेमका कोठे आहे, याची आधी खातरजमा कर.

संगणकाची वायर काढून प्रिंटरच्या काचेवर एखादा कागद ठेव आणि त्याची झेरॉक्स काढ. ती स्वच्छ निघाली, तर शाई, कागद व रोलर निर्दोष असून दोष संगणकात किंवा उभयतांच्या जोडणीत आहे, असे समज. उतावीळपणे तोच हुकूम पुनःपुन्हा दिल्याने, तहसिलीत वरच्या अर्जावर त्रुटीचा शेरा पडून खालचा सारा गठ्ठा खोळंबावा, तशी प्रिंटची रांग तुंबते. ती प्रथम रिकामी कर. संगणकावर प्रिंटरच्या नावापुढे 'ऑफलाइन' अशी नोंद नाही ना, डीफॉल्ट म्हणून दुसराच प्रिंटर निवडलेला नाही ना, हे पाहा. जोडणी वाय-फायची असेल, तर वीज जाऊन आल्यावर राउटर कधी कधी प्रिंटरला नवा पत्ता देतो आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर मजकूर धाडीत राहतो. अशा वेळी प्रिंटर संगणकात नव्याने जोडावा.

झेरॉक्सच कोरी वा पुसट आली, तर 'नोझल चेक' काढ. ज्या रंगाची रेषा तुटक दिसेल, त्याची छिद्रे बुजली आहेत. आपल्याकडच्या वैशाखात न वापरलेल्या यंत्राची शाई वाळणारच. सफाईची आज्ञा एक-दोनदा द्यावी, मग काही तास थांबावे. कारण प्रत्येक सफाईत शाई खर्ची पडते. यंत्र भिंतीवरच्या खटक्याने बंद न करता त्याच्याच बटणाने बंद करीत जा, म्हणजे शाईचे हेड टोपणाखाली जाऊन बसते व वाळण्यापासून बचावते. पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा उघडा ठेवू नये. दमट कागद एकमेकांस चिकटून दोन-दोन आत ओढले जातात. अडकलेला कागद यंत्र बंद करून, दोन्ही हातांनी, सावकाश काढावा.

एका वेळी एकच उपाय कर आणि त्याचा परिणाम पाहिल्यावाचून दुसऱ्यास हात घालू नकोस. अखेरीस दुरुस्ती करणाऱ्यास बोलवावे लागलेच, तर काय काय करून झाले ते त्यास लिहून दे. मात्र या खटपटीत बँकेची मुदत हुकवू नकोस: पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन सेवा केंद्रातून प्रत आजच काढून आण.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा,
मामा