सायकलची सफर आणि जमिनीचे वचन



चांगल्या कामासाठी पैसे उभे करण्याचे मार्ग आपल्याला नवीन नाहीत. कुणी फनफेअर भरवतो, कुणी लकी ड्रॉची तिकिटे खपवतो, कुणी नाटकाचा प्रयोग लावतो. अमेरिकेच्या ईशान्येला मॅसॅच्युसेट्स राज्यात अशाच हेतूने लोक मातीच्या रस्त्यांवरून दिवसभर सायकल चालवत आले आहेत. तो पैसा शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी नव्हता. शेतजमीन शेतजमीनच राहावी, यासाठी होता.

येथे मनात प्रश्न येतो. जमीन 'वाचवायची' म्हणजे नेमके काय करायचे? ती विकत घेऊन कुंपण घालायचे? शेतकऱ्याला बाहेर काढायचे? की त्याला नुसता उपदेश करायचा? या तिन्हींहून वेगळी वाट तेथे सापडली आहे. आज आपण ती समजून घेऊ.

१. सफर कशी असते?

राज्याच्या पश्चिम भागात फ्रँकलिन काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तेथील डिअरफिल्ड गावातून ऑगस्ट महिन्यात निघणाऱ्या या सफरीचे नाव 'डिअरफिल्ड डर्ट रोड राँदोने'. सायकलस्वार तिला लाडाने 'डी-टू-आर-टू' म्हणतात. ही शर्यत नाही. पहिला-दुसरा क्रमांक नाही, बक्षीस नाही. सर्वांत लांबचा प्रसिद्ध मार्ग १८० किलोमीटरचा आणि त्यात एकूण चढ चार हजार मीटरहून अधिक. ज्यांना हे झेपत नाही, त्यांच्यासाठी लहान मार्गही असत. हातात छापील कागद असे: अमुक मैलावर डावीकडे, तमुक मैलावर चढ सुरू. त्याच्या आधारे डोंगरांतून, गोठ्यांजवळून, मेपलच्या झाडांखालून वाट काढायची. ग्रीन नदीवर छप्पर असलेला जुना लाकडी पूल आहे. अनेक स्वार दुपारचे जेवण त्या पुलाजवळ घेत.

या सफरीचा निधी 'फ्रँकलिन लँड ट्रस्ट' या संस्थेसाठी गोळा होत आला. ही ना-नफा संस्था १९८७ साली स्थापन झाली.

पण मातीचेच रस्ते का? रस्ता मातीचा राहतो, कारण त्याच्या कडेला घरे थोडी आणि वाहने त्याहून थोडी. शेताचे तुकडे पडून बंगले उभे राहिले की रहदारी वाढते आणि मग डांबराची मागणी येते. म्हणून मातीच्या रस्त्यावरून जाणारा स्वार, ज्या गोष्टीसाठी त्याने पैसे भरले तीच गोष्ट दिवसभर डोळ्यांनी पाहत असतो.

२. धोका कशाचा?

या भागातून कनेक्टिकट नदी वाहते. हिमयुगाच्या अखेरीस येथे एक प्रचंड सरोवर होते. भूशास्त्रज्ञ त्याला 'हिचकॉक सरोवर' म्हणतात. त्या सरोवराचा तळ आणि नंतर नद्यांच्या पुरांनी आणलेला गाळ यांतून खोऱ्यातली सुपीक जमीन तयार झाली. युरोपीय लोक येण्यापूर्वी पोकमटक हे मूळ रहिवासी याच मातीत मका पिकवत.

सपाट आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन नांगराला जितकी सोयीची, तितकीच बांधकामालाही सोयीची. शेतकरी म्हातारा होतो, मुले शहरात नोकरी धरतात, भावंडांत वाटणीचा प्रश्न येतो. अशा वेळी बिल्डरने सांगितलेला आकडा नाकारणे सोपे नसते. त्यात त्या शेतकऱ्याचा लोभ असतोच असे नाही. पुष्कळदा ती जमीन हीच त्याची म्हातारपणाची पुंजी असते.

३. जमीन वाचते कशी?

मालकी म्हणजे एकच हक्क नव्हे. ती अनेक हक्कांची मोळी आहे. पिकवण्याचा हक्क, लाकूड तोडण्याचा हक्क, विकण्याचा, वारसांना देण्याचा आणि घरे बांधण्याचा हक्क. या मोळीतली एकच काठी, म्हणजे घरे बांधण्याचा हक्क, मालक बाजूला काढून देतो. बाकी सर्व काही त्याच्याकडेच राहते. या कराराला तेथे 'कॉन्झर्व्हेशन रिस्ट्रिक्शन' म्हणतात. आपण त्याला संवर्धन-बंधन म्हणू.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेताला बाजारात पाच लाख डॉलर मिळतील, पण केवळ शेती म्हणून त्याची किंमत दोन लाख आहे. मधले तीन लाख ही बांधकामाच्या हक्काची किंमत. शेतजमिनींसाठी राज्य सरकारची वेगळी योजना १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे; तिच्यात असा फरक शेतकऱ्याला दिला जातो. काही मालक हा हक्क दान करतात. कायद्याच्या अटी पुऱ्या झाल्या, तर त्यांना प्राप्तिकरात सवलत मिळते.

संवर्धन-बंधनाला गावाची आणि राज्याची संमती लागते. मग त्याची नोंदणी होते. त्यानंतर जमीन विकली गेली किंवा वारसांकडे गेली, तरी बंधन जमिनीबरोबरच जाते. म्हणजे हे वचन माणसाचे असले, तरी ते पाळायचे असते जमिनीच्या प्रत्येक पुढच्या मालकाने.

४. स्वाराचे पैसे कुठे लागतात?

सायकलस्वारांच्या शुल्कातून मोठमोठी शेते विकत घेता येत नाहीत, हे उघड आहे. पण प्रत्येक करारामागे मोजणी, मूल्यांकन आणि वकिलाचा खर्च असतो. पुढे दरवर्षी कुणीतरी त्या जमिनीवर जाऊन वचन पाळले जाते की नाही हे पाहावे लागते. सही एकदाच होते; राखण मात्र कायमची.

शिवाय एक घड्याळ चालू असते. शेतीसाठी करसवलत घेतलेली जमीन मालकाने बांधकामासाठी विकायला काढली, तर त्याला आलेल्या किमतीतच ती घेण्याचा पहिला हक्क गावाला मिळतो. मुदत १२० दिवस. गाव हा हक्क लँड ट्रस्टसारख्या संस्थेकडेही सोपवू शकते. चार महिन्यांत एवढा पैसा उभा करायचा, तर संस्था आधीपासून तयार आणि लोक तिच्या पाठीशी असावे लागतात.

५. एक आक्षेप

कुणी म्हणेल, ही हौशी लोकांची चैन आहे. जमीन मोकळी ठेवून गरिबाचा काय लाभ? शेजारच्या व्हर्माँट राज्यातले उदाहरण पाहा. २८ ऑगस्ट २०११ रोजी 'आयरीन' वादळाने या दोन्ही राज्यांत नद्यांना महापूर आणले. ऑटर क्रीक नदीकाठच्या मिडलबरी शहराचे मात्र फार नुकसान झाले नाही. शहराच्या वरच्या बाजूस नदीलगतची पाणथळ जमीन मोकळी होती. पाणी तेथे पसरले आणि हळूहळू ओसरले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्या जमिनीमुळे शहराचे संभाव्य नुकसान ८४ ते ९५ टक्क्यांनी कमी झाले. 'रिकामी' दिसणारी जमीन अशी कामावर असते.

तरी आक्षेपात तथ्य आहे. सगळीच जमीन बंद केली, तर तरुण कुटुंबांनी घर कुठे बांधायचे? म्हणून कोणती जमीन राखायची आणि वस्ती कुठे वाढू द्यायची, हे दोन्ही एकत्र बसून ठरवावे लागते. कायमचे वचन देताना घाई चालत नाही.

बोध

या सफरीतून शिकण्यासारखी गोष्ट ही: जमीन राखण्याचा भार एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकणे अन्याय आहे. हिरवे शेत पाहून सगळ्यांनाच बरे वाटते. मग त्याची किंमतही सगळ्यांनी थोडी थोडी उचलली पाहिजे. शेतकऱ्याने एक हक्क सोडावा, गावाने संमती द्यावी, सरकारने पैसा द्यावा आणि दुरून आलेल्या स्वाराने घाम गाळून आपला वाटा टाकावा. असे झाले, तरच वचन टिकते.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. जमीन विकणाऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याची अडचण आपण कधी विचारली आहे का?

२. आपल्या जमिनीबद्दल आपल्या मागच्या पिढीने आपल्याला कोणते वचन दिले होते? आपण पुढच्या पिढीला कोणते देणार?

३. एकदा देणगी देऊन मोकळे होणे आणि दरवर्षी राखण करणे, यांपैकी आपल्याला काय अधिक कठीण वाटते?