आईचे दुःख आणि घरातले भूत

कादंबरीत भूत आले की ती भयकथाच असणार, असा सर्वसाधारण समज आहे. टोनी मॉरिसन या आफ्रिकी-अमेरिकी लेखिकेची 'बिलव्हेड' (१९८७) ही कादंबरी हा समज दूर करते. १९८८ साली या कादंबरीला पुलित्झर पुरस्कार मिळाला. 'बिलव्हेड' म्हणजे लाडकी.

कथेचे बीज एका सत्य घटनेत आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री कुटुंबासह केंटकी राज्यातून निसटली आणि गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पोहोचली. पाठलाग करणाऱ्यांनी घेरताच तिने आपल्या चिमुकल्या मुलीचा जीव घेतला. गुलाम आईचे मूल तेव्हा कायद्याने मालकाची मालमत्ता ठरत असे. आईचा त्याच्यावर कोणताच हक्क नसे.

कादंबरीतील सेथही असेच करते. गुलामीत परत जाण्यापेक्षा मरण बरे, असे तिला वाटते. पुढे अठरा वर्षे त्या मुलीचे भूत घरात वावरते. आरसा फुटतो, केकवर इवल्या हातांचे ठसे उमटतात. मुलगे घर सोडून जातात, शेजारी उंबरा चढत नाहीत. पुढे एक अनोळखी तरुणी दाराशी येते. ती स्वतःचे नाव 'बिलव्हेड' सांगते. आपली मुलगीच परतली, अशी सेथची खात्री पटते.

असे अद्भुत प्रसंग लेखिका नेहमीच्या घरकामाइतक्या सहजतेने सांगते. या लेखनपद्धतीला 'जादुई वास्तववाद' म्हणतात. येथे अद्भुत हे करमणुकीसाठी येत नाही. जे दुःख सेथ बोलू शकत नाही, तेच देह धारण करून तिच्यासमोर बसते.

अपराधाची भरपाई करण्यासाठी सेथ त्या तरुणीला आपल्या तोंडचा घास देते. तरुणी पुष्ट होते, आई खंगत जाते. अखेर धाकटी मुलगी डेन्व्हर घराबाहेर पडून मदत मागते. शेजारच्या स्त्रिया आधी अन्न पाठवतात, मग एकत्र येऊन अंगणाबाहेर प्रार्थना व गायन करतात. बिलव्हेड नाहीशी होते.

मनात कोंडलेले दुःख माणसाला पोखरते. ते हलके व्हायला इतरांची सोबत लागते. सेथ दोषी की निर्दोष, याचा निवाडा मात्र लेखिका वाचकांवर सोपवते.

पाठगत प्रश्न
१. सेथच्या कृतीमागील कारण स्पष्ट करा.
२. डेन्व्हरने उंबरा ओलांडला नसता, तर काय घडले असते? तुमचे मत लिहा.