आहारावरील निबंध आणि पुरावा

कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या नातवाने निबंधात एकच सिद्धांत मांडला : पॉलिश केलेला तांदूळ आरोग्यास घातक. तांदूळ विकणाऱ्यास राग यावा हे साहजिक. परंतु मला उणीव दिसली ती पुराव्याची.

१८९० च्या सुमारास जावा बेटात आयकमन या डच वैद्याच्या कोंबड्या लुळ्या पडल्या. त्यांना लष्करी रुग्णालयातील पॉलिश तांदळाचा भात मिळत असे. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देण्याचे नाकारले (काय हा हिशेबीपणा!), कोंड्यासहित तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. पुढे फोर्डरमन यांनी जावातील १०१ तुरुंगांत कोणता तांदूळ शिजतो आणि बेरीबेरी कोठे होते, हे ताडून पाहिले. इतके होऊनही आयकमन यांनी दोष दिला तो तांदळातील विषास! विष नव्हे, कोंड्याबरोबर एक आवश्यक द्रव्यच निघून जाते, हे ख्राइन्स यांनी १९०१ मध्ये मांडले.

निरीक्षण खरे असूनही निष्कर्ष चुकतो तो असा. गोव्याकडील उकड्या तांदळात तर उकडतानाच ब१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते. नंतर पॉलिश केले तरी ते बरेचसे टिकते. म्हणून कोणता तांदूळ, किती पॉलिश केलेला, सोबत डाळ किती, हे विद्यार्थ्याने लिहिलेच पाहिजे.

नातवाने निबंध पुन्हा लिहिला आणि मलाच विचारले, "आजोबा, मग दुकानात हातसडीचा तांदूळ का नाही?" उत्तर अद्याप दिलेले नाही.